वाढत्या मापाचा मोह

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी लहानपणी एक अलिखित नियम असे. गणवेश शिवायचा तो वाढत्या अंगाचा, चपला घ्यायच्या त्या बोटभर मोठ्या आणि सायकल आणायची ती दहावीपर्यंत पुरेल अशी. या नियमामागे कृपणता नव्हती. काटकसर होती, आणि मूल वाढणार हा विश्वासही होता. मी स्वतः याच नियमात वाढले. तरीही मध्यंतरी मला या नियमाविरुद्ध उभे राहावे लागले, आणि तेही माझ्या थोरल्या बहिणीसमोर. निमित्त झाले स्कीच्या एका जोडीचे.

आपण म्हणाल, कोलकात्यात स्की कशाला? प्रश्न रास्त आहे. नोकरीनिमित्त मी गेली सात वर्षे या शहरात राहते. पारा पंधरा अंशांवर उतरला, की येथील भद्रजन कानटोप्या घालून फिरायला निघतात. परंतु याच सपाट, दमट शहराला हिमालयाचे विलक्षण वेड आहे. गिर्यारोहणाची हौशी मंडळे येथे जागोजागी आढळतात. माझा भाचा शिक्षणासाठी सांगलीहून माझ्याकडे राहायला आला आणि अशाच एका मंडळातील मुलांबरोबर गुलमर्गला गेला. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या त्या गावी भारतीय स्की व गिर्यारोहण संस्था आहे. तेथे लागोपाठ दोन हिवाळे तो शिकला. तेव्हा साहित्य संस्थेचे होते. तिसऱ्या वर्षी त्याला स्वतःची जोडी हवी झाली, आणि तीही ‘टेरेन पार्क’साठीची.

हा शब्द ऐकताच माझ्यातील अनुवादक जागा झाला. ‘भूप्रदेश-उद्यान’ असे भाषांतर मनात आले आणि माझे मलाच हसू फुटले. तेव्हा ‘पार्क’ हा शब्द आपण तसाच राहू देऊ. पार्क म्हणजे बर्फाच्या उतारावर मुद्दाम रचलेली जागा. तेथे उडी घेण्यासाठी बर्फाचे उंचवटे असतात आणि घसरत जाण्यासाठी लोखंडी दांडे व पेट्या असतात. या खेळासाठी दोन्ही टोके वर वळलेली स्की लागते, कारण उडी मारताना अंग वळले तर खेळाडू पाठमोराही उतरतो. आजच्या धर्तीची अशी स्की १९९८ च्या सुमारास बाजारात आली, आणि २०१४ च्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

ताई सांगलीला शिक्षिका आहे. भावजी गेल्यापासून संसार तिने एकटीने ओढला. तिने चाळीस हजार रुपये पाठवले आणि दूरध्वनीवर बजावले, “एकदाच घे, पण मोठी आणि मजबूत घे. त्याला नोकरी लागेपर्यंत दुसरी मागायला नको.” इकडे चिरंजीवांनीही जाहिराती वाचून एक जोडी हेरून ठेवली होती. लांब, ताठ, ‘निष्णात खेळाडूंसाठी’ असे बिरुद मिरवणारी. आई काटकसरीपोटी मोठे माप मागत होती, मुलगा अभिमानापोटी, आणि दोघांचे बोट एकाच वस्तूवर पडले होते.

मला मात्र माझी सायकल आठवली. मी पाचवीत असताना बाबांनी मला मोठ्या माणसाची सायकल आणून दिली. खोगीर कितीही खाली घेतले, तरी पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या उतारावर मी आपटले आणि डावे मनगट मोडले. हाड महिन्या-दीड महिन्यात सांधले, परंतु मी पुन्हा सायकलवर बसले नाही. पुढे दोन वर्षांत ती माझ्या मापाची झाली. तोवर माझे धैर्य संपले होते.

प्रथम आम्ही मैदानाशेजारच्या खेळसाहित्याच्या बाजारात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, “दीदी, फुटबॉलचे बूट हवे तितके दाखवतो. बर्फाचे सामान इथे कोण मागणार?” पण त्याने एक गोष्ट सांगितली. आईबाप मुलासाठी एक नंबर मोठा बूट मागतात, मग बुटाच्या आत पाय सरकतो आणि मुलाला चेंडू सांभाळता येत नाही. ते ऐकून भाचा गप्प झाला.

त्यानंतर त्याने गुलमर्गच्या आपल्या प्रशिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांनी जे सांगितले, ते ज्यांच्या घरी असा हट्ट उद्भवेल त्यांच्यासाठी येथे नमूद करते.

पहिली गोष्ट म्हणजे पैसा आधी बुटांवर खर्चावा, मग स्कीवर. स्कीच्या बुटाचे माप पायाच्या लांबीवरून, सेंटीमीटरमध्ये ठरते. आतले मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा आणि बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे दीड-दोन सेंटीमीटर जागा उरली, तर माप बरोबर आहे. त्याहून अधिक जागा असेल, तर बूट सैल पडेल आणि स्की पायाचे ऐकणार नाही. मोजा एकच व पातळ असावा.

दुसरी गोष्ट लांबीची. नवशिक्याने पार्कसाठी आपल्या हनुवटीपासून कपाळापर्यंत पोहोचणारी स्की घ्यावी. ती वळायला हलकी असते. कमरेशी, म्हणजे मधोमध, रुंदी ८० ते ९५ मिलिमीटर असली की कठीण बर्फावर आणि दांड्यावर ती नीट चालते. गुलमर्गच्या वरच्या उतारांवरील भुसभुशीत बर्फाला याहून बरीच रुंद स्की लागते, पण तो निराळा खेळ आहे. स्की मध्यम लवचीक असावी. फार ताठ स्की नवशिक्याची चूक पोटात घालत नाही, आणि फार मऊ स्की उडीनंतर टेकताना दबून जाते. पोलादी कडा जाड असाव्यात, कारण दांड्यावर घासून त्यांनाच तडे जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बूट स्कीला जखडून ठेवणारे जे बाइंडिंग असते, त्याचे खरे काम वेळ आली की पाय सोडून देणे हे आहे. ते किती जोराला सुटावे, हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळाडूची तयारी पाहून जाणकाराने बसवायचा असतो. घट्ट म्हणजे सुरक्षित असे समजून तो स्वतः वाढवू नये. वेळेवर न सुटलेली स्की पडणाऱ्याचा गुडघा पिरगाळते. बुटाचा तळवा आणि बाइंडिंग एकमेकांस अनुरूप आहेत की नाहीत, हेही तपासून घ्यावे. शिरस्त्राणाचे पैसे मात्र आधीच बाजूला काढावेत.

हे सारे मी ताईला सविस्तर कळवले. तिने विचारले, “आपल्याकडे हे खेळ खेळतात तरी का कोणी?” मी सांगितले, की २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान हा काश्मीरचाच होता आणि उतारावरच्या मोठ्या वळणांच्या शर्यतीत तो ४५ वा आला. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “मग तू म्हणशील तसे. पण त्याच्या पायाला काही झाले, तर मी तुलाच विचारीन.” त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा तिचा होता आणि भरवसा माझ्यावर होता.

हिवाळ्यात भाचा गुलमर्गला गेला. बूट त्याने तेथेच, पायात घालून पाहून घेतले. प्रशिक्षकांच्या मदतीने एक मोसम वापरलेली १६४ सेंटीमीटरची जोडी मिळाली. कडा अखंड, तळ साफ, बाइंडिंग नवे. जानेवारीच्या एका संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला, तो मला नव्हे, ताईला. दोन गुडघ्यांएवढ्या उंचवट्यावरून उतरताना तो वेडावाकडा पडला होता. स्की सुटून बाजूला घरंगळली आणि तो बर्फ झटकून उभा राहिला. ताईने हे मला जसेच्या तसे सांगितले आणि पुढे काही बोलली नाही.

आता ती जोडी माझ्या कपाटामागे उभी असते. कोलकात्याचा पावसाळा पोलादाचा वैरी आहे. म्हणून भाच्याने ती कोरडी पुसली, गंजाचे दोन ठिपके घासून काढले आणि तळावर व कडांवर मेणाचा जाड थर दिला. येत्या हिवाळ्यापर्यंत तो थर तसाच राहील.

वाचकहो, मूल उद्या वाढेल हा आपला विश्वास योग्यच आहे. परंतु पडते ते आजचे मूल. पहिली वस्तू, मग ती सायकल असो, बूट असो वा स्की, त्याच्या आजच्या मापाची असावी. ती पुढे अपुरी पडली, तर मूल शिकले असे समजावे.

परवा ताईचा दूरध्वनी आला होता. ती दरवर्षी मुलासाठी स्वेटर विणते, आणि आजवरचा प्रत्येक स्वेटर मनगटाखाली चार बोटे लोंबत असे. या वेळी तिने प्रथमच मला सांगितले, “टेप घे आणि त्याच्या बाहीचे नीट माप घेऊन कळव.”