दोन प्रोसेसर आणि एक चिटणीस

माणसाने आयुष्यात काय वाटेल ते व्हावे. पण पतसंस्थेचा मानद चिटणीस होऊ नये. 'मानद' म्हणजे मान देणारा, असे शब्दकोशात दिले आहे, आणि ते शब्दशः खरे आहे. वर्षातून निदान चार वेळा कोणाच्या तरी सुरीखाली मान द्यावी लागते, आणि ती चिटणिसाचीच असते. अध्यक्षांची मान हारांसाठी राखून ठेवलेली असते आणि खजिनदार ती वर काढतच नाहीत.

२०२० च्या जानेवारीत माझी मान आमच्या सर्व्हरखाली आली. हा सर्व्हर २०११ साली घेतलेला. त्याची जागा पूर्वी टायपिंगची खोली होती तिथे, आणि त्याच्यासाठी बसवलेला वातानुकूलक हा संस्थेतला एकमेव असल्यामुळे मे महिन्यात सगळ्या संचालकांना सर्व्हरची फार काळजी वाटत असे. तर हा सर्व्हर दोन महिने चालता चालता बसायला लागला होता. सकाळी दहाला ठीक. अकरा वाजले की काउंटरवरची मुलगी एक कळ दाबायची आणि पडद्यावर ते छोटे वर्तुळ फिरायला लागायचे. रांगेतले लोक त्या वर्तुळाकडे पाहत उभे. कोकणातला माणूस सोशिक, पण तोंडाने नव्हे. "काय हो चिटणीस, आमचे पैसे गोल गोल फिरवताय काय?" इथपर्यंत मजल गेली होती.

त्यातच माई आल्या. माई म्हणजे आमच्या वरच्या आळीतल्या. यजमान जाऊन बारा वर्षे झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुदत ठेव मोडून पंधरा हजार न्यायचे होते. त्या सोमवारी आल्या, तासभर बसल्या, एस.टी. चुकेल म्हणून परत गेल्या. बुधवारी आल्या, परत गेल्या. शुक्रवारी तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, पैसे आहेत ना रे माझे?"

रागाने म्हणाल्या असत्या तर मी ऐकून घेतले असते. पण त्यांनी ते हळू आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून, माझी अब्रू सांभाळत विचारले. पतसंस्थेच्या चिटणिसाला ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. मी त्याच दिवशी खिशातून पंधरा हजारांची सोय केली आणि संध्याकाळी संचालक मंडळाची तातडीची सभा बोलावली. विषय एकच : नवा सर्व्हर.

दोन कोटेशने आली. पहिले इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचे, दुसरे एएमडीच्या एपिक प्रोसेसरचे. 'एपिक' हा शब्द उच्चारताच अण्णांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, हात वर केला. अण्णांनी ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्या निवडणुका लढवल्या आहेत.

"एपिक म्हणजे मतदाराचं ओळखपत्र. ते यंत्र आपल्याला कशाला? आपली निवडणूक तर बिनविरोध होते!"

"अण्णा, हे एपिक वेगळं."

"मग झिऑन घ्या. निदान त्यात राजकारण नाही."

अशा रीतीने विषयाचा अभ्यास करून तुलनात्मक अहवाल सादर करण्याचे काम सर्वानुमते माझ्यावर सोपवण्यात आले. मी चाळीस वर्षे हिशेब लिहिण्यात घालवलेला माणूस. मला प्रोसेसरमधले काय कळणार? पण तुलना म्हटली की मला चेव येतो. हापूस आणि पायरी यांत चांगला कोणता यावर मी आमच्या व्याह्यांशी लग्नाच्या बोलणीत दोन तास वाद घातला आहे, तेही मुलीकडचा असून.

मी खातेवहीचे एक जोड पान उघडले. डाव्या बाजूला झिऑन, उजव्या बाजूला एपिक. दोघांची घराणी अगदी शेजारची : इंटेल कंपनी १९६८ ची, एएमडी १९६९ ची. झिऑन हे नाव १९९८ पासून चालत आलेले. एएमडीने २००३ साली ऑप्टेरॉन आणून नाव कमावले, मग मधली काही वर्षे ते घराणे खालावले, आणि २०१७ साली एपिक घेऊन पुन्हा उभे राहिले. म्हणजे एक पिढीजात सावकार आणि दुसरा मुंबईला जाऊन पैसा करून परत आलेला भाऊबंद. अशा दोघांत निवड करायची म्हणजे गावकीतच पाय घालणे!

आता प्रोसेसर म्हणजे काय, ते आधी मलाच समजावून घ्यावे लागले. मी ते लग्नाच्या स्वयंपाकघरावर बसवले. प्रोसेसरमधला 'कोअर' म्हणजे आचारी. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या हाताचा वेग. 'कॅश' म्हणजे त्याच्या हाताशी असलेला ओटा. जिन्नस ओट्यावर असले की काम झटपट. 'रॅम' म्हणजे पलीकडचे कोठीघर, आणि हार्ड डिस्क म्हणजे बाजार. एकदा हे जमल्यावर आकडे भराभरा बोलू लागले.

आमच्या कोटेशनातला झिऑन सिल्व्हर ४२१६. आचारी १६, हाताचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, ओटा २२ मेगाबाइटचा. समोर एपिक ७२८२. आचारी तेही १६, वेग २.८, ओटा ६४ मेगाबाइटचा. घाईच्या वेळी दोघांचाही हात ३.२ पर्यंत चालतो, आणि दोन्हीकडे एकेका आचाऱ्यापुढे दोन-दोन शेगड्या. कंपनीची छापील किंमत : झिऑन १,००२ डॉलर, एपिक ६५० डॉलर. डॉलर तेव्हा ७१ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे फरक सुमारे २५ हजार रुपयांचा.

इथवर आल्यावर मी एपिकच्या बाजूला लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पण पान उलटतो तो कोठीघराचे प्रकरण. झिऑनला कोठीघराचे ६ दरवाजे, एपिकला ८. मी दुसरी खूण करणार, एवढ्यात कळले की ७२८२ हे त्या घराण्यातले धाकटे भावंड असल्यामुळे दरवाजे ८ असले तरी आतली बोळ अरुंद ठेवलेली आहे. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ८५ गिगाबाइट माल येतो, तर झिऑनच्या ६ दरवाजांतून ११५. मी खूण खोडली. विजेची भूक झिऑनची १०० वॉट, एपिकची १२०. आमच्या खजिनदारांनी तिथल्या तिथे गुणाकार केला : २० वॉट जादा, चोवीस तास, वर्षाचे १७५ युनिट, दहा रुपये युनिट धरले तर पावणेदोन हजार. म्हणजे २५ हजारांची बचत विजेत जिरायला चौदा वर्षे लागणार. चौदा वर्षांचा आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "तोवर आपण सगळेच वनवासाला गेलेले असू."

दोन्ही विक्रेते येऊन गेले. झिऑनवाला म्हणाला, "साहेब, आजवर सगळे हेच घेत आले." एपिकवाला म्हणाला, "साहेब, आता सगळे हेच घेणार." माझ्या बायकोने दोघांनाही पोहे दिले आणि ते गेल्यावर म्हणाली, "आपल्याला काय पाहिजे, ते दोघांपैकी एकानेही विचारलं नाही."

मी त्याकडे दुर्लक्ष केले. माझा अहवाल तोवर बारा पानांचा झाला होता. त्यात १९६७ साली जीन ॲमडाल या अमेरिकन गृहस्थांनी सांगितलेले तत्त्वही मी घातले होते. म्हणजे, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो आचारी वाढवून लवकर होत नाही. भात शिजायला वीस मिनिटे लागतात. दहा आचारी भोवती उभे केले म्हणून तो दोन मिनिटांत शिजत नाही. हे वाक्य सभेत वाचून दाखवण्याची मी आरशासमोर तालीमदेखील केली होती.

सभेच्या दोन दिवस आधी पुण्याहून माझा भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. मी त्याच्यापुढे बारा पाने ठेवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. चांगल्या घरातला मुलगा आहे. मग म्हणाला, "मामा, झकास लिहिलंयस. पण जुना प्रोसेसर किती दमतो, ते बघितलंस का?"

"म्हणजे?"

"चल, दाखवतो."

आम्ही बरोबर अकरा वाजता संस्थेत पोचलो. वर्तुळ फिरत होते, रांग कुरकुरत होती. भाच्याने सर्व्हरवर एक खिडकी उघडली. प्रोसेसरचे काम : शंभरात ८. त्याच्या खाली हार्ड डिस्कचे काम : शंभरात १००.

"मामा, तुझे आचारी विड्या ओढत बसलेत. माल बाजारातून येत नाहीये."

मग त्याने मला जे सांगितले, ते माझ्या बारा पानांत कुठेच नव्हते. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हवी ती नोंद शोधायला तिची सुई सरकते, चकती फिरून खाली येते, यात सरासरी १२ मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडच्या-तिकडच्या विखुरलेल्या नोंदी सेकंदाला फार तर ऐंशीएक. आणि तेवढ्या १२ मिलिसेकंदांत २.१ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे २ कोटी ५२ लाख ठोके फुकट जातात. उलट ज्यात फिरते काही नाही, त्या एसएसडीतून सेकंदाला हजारोंनी नोंदी येतात. "झिऑन आण नाहीतर एपिक," भाचा म्हणाला, "ही चकती तशीच राहिली, तर तुझा नवा आचारी फक्त जास्त वेगानं वाट बघेल."

"पण हे अकरालाच का होतं?" मी विचारले.

त्याने आणखी एक खिडकी उघडली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. विषाणू तपासणारा प्रोग्रॅम रोज सकाळी अकराला सगळी डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढत होता. तेव्हाच काउंटरवरची मुलगीही त्याच डिस्ककडे माईंची पावती मागत होती. "ही अकराची वेळ कुणी घातली?"

मला घाम फुटला. वातानुकूलित खोलीत फुटला! ती वेळ २०१४ साली मी घातली होती. अकराला सगळे चहाला उठतात, तेव्हा यंत्र मोकळेच असते, असा विचार करून. तेव्हा खाती थोडी होती, खपून गेले. पुढे खाती तिप्पट झाली, चहा काउंटरवरच यायला लागला, आणि मी ते साफ विसरलो. माईंना तीनदा परत पाठवणारा मीच होतो, आणि त्याचा दोष मी प्रोसेसरच्या माथी मारून साडेचार लाख खर्च करायला निघालो होतो. तेही माईंच्याच पैशातून. पतसंस्थेचे पैसे म्हणजे दुसरे कोणाचे असतात?

सभेत काय करावे, यावर मी रात्रभर तळमळलो. अहवाल वाचला असता, तर दोहोंपैकी एक सर्व्हर आला असता. त्यात एसएसडी असतेच, काम सुधारले असते, आणि माझी विद्वत्ता इतिवृत्तात नोंदली गेली असती. कुणाला काही कळले नसते. सकाळी बायको म्हणाली, "माईंना काय सांगणार आहात?" झाले. बारा पाने घरी ठेवून मी सभेला गेलो.

मी सगळे सांगितले. अकराच्या वेळेसकट. मिनिटभर कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, "चिटणीस, तुम्ही निवडणुकीला उभे राहू नका. इतकं खरं बोलणारा माणूस पडतो." खजिनदार मात्र प्रथमच मान वर काढून माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. दोन एसएसडी, एक बिघडली तर दुसरी चालू राहील अशा जोडीने, आणि जादा रॅम, सगळे मिळून २८ हजारांत बसले. तपासणीची वेळ रात्री दोनची केली.

त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस भाच्याने एक बातमी कळवली. इंटेलचा २८ कोअरचा झिऑन प्लॅटिनम ८२८० हा १०,००९ डॉलरला होता. एएमडीने ऑगस्ट २०१९ मध्ये ६४ कोअरचा एपिक ७७४२ बाजारात आणला, ६,९५० डॉलरला. आता इंटेलने तितक्याच कोअरचा, त्याच २.७ गिगाहर्ट्झच्या वेगाचा गोल्ड ६२५८आर काढला होता, ३,९५० डॉलरला. ८२८० प्रमाणे आठ-आठ एका यंत्रात बसवता येत नाहीत, दोनच बसतात, एवढाच मोठा फरक. खजिनदारांनी ती बातमी तीनदा वाचली. म्हणाले, "समोर दुसरं दुकान निघालं, की पहिल्याचा तराजू बरोबर तोलायला लागतो." प्रोसेसरांच्या तुलनेतले एवढे मार्मिक वाक्य माझ्या बारा पानांत नव्हते.

पुढे २०२२ मध्ये सर्व्हर खरोखर थकला, तेव्हा नवा घेतला. या वेळी मी आधी एका पानावर लिहिले : रोज किती माणसे येतात, किती नोंदी होतात, मार्चअखेरच्या व्याज आकारणीला किती वेळ लागतो, आणि पावसात घाट बंद पडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार. ते पान दोन्ही विक्रेत्यांना दिले. आत झिऑन आहे की एपिक, ते बिल पाहून सांगावे लागेल.

पण मला आठवते ती २०२० च्या मार्चमधली सकाळ. ऑपरेशन होऊन, काळा चष्मा लावून माई आल्या. माझे पंधरा हजार परत करायला ठेव मोडायची होती. वेळ नेमकी अकराची. मुलीने कळ दाबली, पावती निघाली, सही झाली, पैसे हातात. पाच मिनिटेही लागली नाहीत. पिशवी सावरत माई माझ्या टेबलाशी आल्या आणि पुन्हा तसेच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ही नवी मुलगी चांगली हुशार मिळाली हो तुम्हाला. आधीची फार हळू होती."

मुलगी तीच होती. मी काही बोललो नाही. माईंना आता चांगले दिसू लागले होते. पण सगळेच दिसायला हवे असे थोडेच आहे?