नावेवरचे नाव

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलचे वेड म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे आमच्या कानावर मुळाक्षरांच्या आधी पडतात. एरवी सज्जन म्हणून ओळखला जाणारा पोस्टमन शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करताना मी पाहिला आहे. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्राच्या निमित्ताने कलकत्त्याला जायचे ठरले, तेव्हा घरच्यांनी तांतांच्या साड्यांची यादी दिली, शेजाऱ्यांनी रसगुल्ल्यांची आठवण केली. पण माझ्या पुतण्याने एकच निरोप दिला, ‘काका, मोहनबागान बघून या.’

या शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले. मी मात्र अजून कलकत्ताच म्हणतो. माझे यजमानही बोलताना कलकत्ता म्हणत आणि पत्रावर कोलकाता लिहीत. ते बंगालीचे निवृत्त प्राध्यापक. श्यामबाजाराजवळ त्यांचे जुने, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचे घर आहे. घरात ते, त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या बौदी, अविवाहित थोरले बंधू आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. थोरल्या बंधूंनी मला ‘मास्टरमोशाय’ म्हणायला सुरुवात केली आणि चहाचा पहिला घोट पोटात जाण्यापूर्वीच विचारले, “तुम्ही कोणाचे?”

कलकत्त्यात या प्रश्नाचा अर्थ जात किंवा गाव असा नाही. मोहनबागानचे की ईस्ट बंगालचे, एवढाच आहे. मूळचे पश्चिम बंगालचे ते घोटी, त्यांचा संघ मोहनबागान आणि मासळीत त्यांचा मान कोळंबीला. पद्मेपलीकडून आलेले ते बांगाल, त्यांचा संघ ईस्ट बंगाल आणि त्यांचा जीव इलिश माशात. जो संघ जिंकेल त्याची मासळी दुसऱ्या दिवशी बाजारात भाव खाते म्हणतात. मी कोल्हापूरचा, असे सांगून सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान मला फिरायला घेऊन निघाले. बागबाजाराच्या एका बोळाशी थांबून त्यांनी काठीने पाटी दाखवली : मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो हा. खंदक कधी पुरा झाला नाही आणि मराठे त्याच्यापर्यंत कधी आले नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून रस्ता केला. आमच्या घोडेस्वारांना बंगाल्यात ‘बर्गी’ म्हणत आणि त्यांचे नाव घेऊन आया पोरांना निजवीत. यजमान हसत म्हणाले, “तुमची माणसं आली नाहीत, खड्डा गेला, पण नाव राहिलं. आमच्याकडे नाव सहजी जात नाही.” तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

तिथून जवळच मोहनबागान लेन आहे. याच भागात कीर्ती मित्र यांचा ‘मोहनबागान’ नावाचा बागेचा बंगला होता. १५ ऑगस्ट १८८९ रोजी क्लब निघाला तेव्हा बंगल्याचे नाव क्लबाला मिळाले. बंगला गेला, बाग गेली. नाव मात्र उचलून माणसांनी मैदानावर नेले. २९ जुलै १९११ रोजी याच संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ ने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले, बूट एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. गोल शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांचे. हा इतिहास यजमानांनी चालता चालता सांगितला, पण स्वर असा की आपले आजोबाच त्या दिवशी खेळत होते.

दुपारी मैदानावर गेलो. कलकत्त्याचे मैदान म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेले हिरवे माळरान. एका अंगाला फोर्ट विल्यमचा किल्ला, पलीकडे हुगळी. ही जमीन लष्कराची, म्हणून इथल्या क्लबांच्या कचेऱ्यांना आजही ‘टेंट’ म्हणतात, मग ते चांगले नांदते घर का असेना! मोहनबागानच्या टेंटवर हिरव्या आणि मरून रंगाची निशाणे होती आणि वर्तुळात ती प्रसिद्ध नौका : शीड उभारलेली, बंगालच्या नद्यांतून फिरणारी साधी देशी होडी. खेळाच्या क्लबाला सिंह, गरुड, तलवार असले काहीतरी हवे असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे मोहनबागानच्या पहिल्या चिन्हातही झाडाखाली बसलेला वाघ होता. १९२० नंतरच्या दशकात वाघ उठून गेला आणि नाव आली. वाघ कोणाला आठवत नाही, त्याच्यासाठी कोणी रडत नाही. यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली : चिन्ह बदलले म्हणून लोक चिडतातच असे नाही. प्रश्न असतो तो बदल कोणी केला आणि कोणासाठी केला याचा.

तसा मोठा बदल २०२० साली झाला. कलकत्त्यात २०१४ पासून नव्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा एक संघ होता. स्पेनमधल्या अ‍ॅटलेटिको माद्रिद क्लबाची त्यात भागीदारी होती, म्हणून त्याचे नाव अ‍ॅटलेटिको दे कोलकाता. २०१७ मध्ये भागीदारी संपली आणि नुसते ‘एटीके’ राहिले. या संघाच्या मालकांनी, संजीव गोएंका यांच्या उद्योगसमूहाने, मोहनबागानच्या फुटबॉल कंपनीत ऐंशी टक्के वाटा घेतला आणि १ जून २०२० पासून दोन्ही संघ एक झाले. नाव पडले ‘एटीके मोहनबागान’. समर्थकांचा जीव टांगणीला लागला होता. जुलैत जाहीर झाले की हिरवा-मरून रंग राहणार, नावही, म्हणजे नौकाही, राहणार. लोकांनी सुस्कारा सोडला. मग नवे चिन्ह पाहिले, तर नौका होती तशीच आणि तिच्या सोबतीला तीन नवी अक्षरे : एटीके.

बाहेरच्या माणसाला हा केवढासा बदल! मीही त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तसेच म्हणालो आणि घरात वादाला तोंड फुटले.

यजमानांचे म्हणणे सरळ होते. “आजचा फुटबॉल सभासदांच्या वर्गणीवर चालत नाही. परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, विमानं. पैसे कोण देणार? ज्याने दिले त्याने तीन अक्षरं लिहिली. नाव तर बुडवली नाही ना?”

थोरले बंधू उसळले. “ज्या स्पेनच्या क्लबाचं ते नाव, तो तीन वर्षांपूर्वी निघून गेला. म्हणजे पाहुणा गेला आणि त्याची ट्रंक माझ्या नावेत ठेवून गेला!”

“आणि १९९८ पासून ‘मॅक्डॉवेल मोहनबागान’ चाललं तेव्हा? दारूचं नाव पुढे लावून खेळलो, तेव्हा नाही तुझी नाव डगमगली.”

हा घाव वर्मी होता. त्याच उद्योगसमूहाने ईस्ट बंगालपुढे ‘किंगफिशर’ लावले होते. हाडवैरी दोघे, पण यजमान एकच. थोरल्यांनी थोडा वेळ बिस्कीट चहात बुडवून धरले. “ती जाहिरात होती,” ते शेवटी म्हणाले. “जाहिरात उद्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. हे लग्न होतं.” युक्तिवाद म्हणून हे काही फार भक्कम नव्हते. पण त्यांनी २०२० नंतर सॉल्ट लेकच्या स्टेडियमात पाऊल टाकले नव्हते आणि दूरदर्शन संचावर सामना लागला की ते उठून गच्चीवर जात, हे मला बौदींनी नंतर सांगितले. पुतण्या लहान असल्यापासून त्याला खांद्यावर बसवून सामन्याला नेणारा हा माणूस. पुतण्या मात्र जातच राहिला. तीन हंगाम काका-पुतण्यांनी एकत्र बसून एकही सामना पाहिला नाही. वाद तीन अक्षरांचा, पण घरात जेवणाची दोन पाने वेगळ्या वेळेला पडू लागली.

मी बौदींना आमच्याकडची लग्नातली रीत सांगितली : ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यावर नवरीचे नवे नाव लिहायचे आणि त्या क्षणापासून कालची कमल आजची सुनंदा होते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “तिला विचारतात?”

“पूर्वी नाही विचारत.”

“मग समर्थकांनाही नाही विचारलं,” त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. साऱ्या घरात नेमके बोलणारे माणूस ते एकच होते.

मुलाचे मत निराळे होते. तो म्हणे, काका घरी बसून रुसले, आम्ही मैदानात जाऊन रुसलो. ‘रिमूव्ह एटीके’ असे फलक घेऊन ही पोरे सामन्याला जात. स्वतःच्याच संघाचा गोल झाला की आधी नाचत आणि मग मालकांविरुद्ध घोषणा देत. सगळ्यांचे एकमत होते असेही नाही. काही म्हणत, रंग राहिला, नौका राहिली, आता करंडक आणा. काही म्हणत, अक्षरे बारीक करा. काहींना आशियातल्या स्पर्धा खेळायच्या तर असा धनी हवाच वाटे. माझा कल पोरांकडे झुकला, हे कबूल करायला हरकत नाही. रुसायचे तर हजर राहून रुसावे.

शेजारचे डॉक्टरबाबू ईस्ट बंगालवाले. त्यांना हसायला निमित्त हवेच होते, पण तेही पोळलेले. त्यांच्या क्लबाच्या चिन्हात मशाल आहे. १९३० साली बढतीचा हक्क नाकारला म्हणून समर्थक मशाली पेटवून निघाले, तिथून ती आली. “आमचं काय विचारता?” ते म्हणाले. “२०१८ मध्ये क्वेस ईस्ट बंगाल, २०२० मध्ये एस.सी. ईस्ट बंगाल. भाडेकरू बदलतो तशी पाटी बदलते. आता सवय झाली. फक्त मशालीला कोणी हात लावू नये.” थोरले बंधू त्यांच्याकडे प्रथमच स्नेहाने पाहात होते.

या कथेची गाठ सुटली ती आपल्या शेजारी, गोव्यात. १८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर लीगचा अंतिम सामना झाला. बेंगळुरूशी २-२ अशी बरोबरी, मग पेनल्टीवर ४-३ असा विजय. करंडक हातात आल्यावर त्याच रात्री गोएंकांनी जाहीर केले की एटीके ही अक्षरे जाणार. मुलगा सांगत होता, विजयापेक्षा त्या घोषणेला गल्लीत जास्त फटाके वाजले. तो जिना चढून गच्चीवर गेला आणि काकांना म्हणाला, “खाली या, अक्षरं गेली.” काका खाली आले. दूरदर्शन संचासमोर बसले. सामना तर संपलेला होता. ते जाहिराती पाहात बसले.

पण धनी कोरा कागद थोडाच ठेवतो! १ जून २०२३ पासून नाव झाले ‘मोहनबागान सुपर जायंट’. हे ऐकताच मला हसू आले. याच घराण्याचा क्रिकेट संघ २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे आमच्या पुण्यात नांदून गेला, रायझिंग पुणे सुपरजायंट. पहिल्या वर्षी शेवटी अनेकवचनाचा ‘स’ होता, दुसऱ्या वर्षी तो गळला आणि साऱ्या पुण्यात कोणाला पत्ता लागला नाही. पुणेकरांसारख्या शुद्धलेखनाच्या भोक्त्यांना लागला नाही, म्हणजे पाहा! मी हे सांगितले तेव्हा थोरले बंधू खो खो हसले. “सुपर जायंट म्हणजे महाराक्षस ना? असू दे. पूर्वी ते आडनाव होतं, मोहनबागानच्या पुढे उभं राहायचं. हे विशेषण आहे, मागून चालतं. विशेषण गळून पडतं, मास्टरमोशाय, तुम्ही भाषा शिकवता.”

विशेषण नामाच्या आधी येते, हे मी त्यांना सांगितले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुतण्यासाठी निशाण घ्यायला मैदानावर गेलो. फेरीवाल्याकडे हिरवी-मरून निशाणे होती, नुसत्या नावेची आणि सुपर जायंटचीही. तळाशी तीन अक्षरांची काही जुनी पडली होती, निम्म्या किमतीला. “ती कोण घेतं?” मी विचारले. “घेतात बाबू,” तो म्हणाला, “गाडी पुसायला.”

कोल्हापुरात परतल्यावर सारी हकीकत पुतण्याला सांगितली. आपल्या मुंबईतही कंपन्यांचे संघ होते, महिंद्रा युनायटेडसारखा नामांकित संघ २०१० मध्ये बंद झाला आणि कोणी मोर्चा काढला नाही, कारण नाव मुळातच कंपनीचे होते, हेही सांगितले. मग विचारले, “उद्या कोणी शेठ आला आणि तुझ्या तालमीच्या नावाला आपलं नाव जोडतो म्हणाला, तर?”

त्याने नावेचे निशाण भिंतीला लावता लावता मागे वळून पाहिले.

“किती देणार?”

“समज, कोटभर.”

तो बराच वेळ खिळा धरून उभा राहिला. “मागं लावा म्हणावं,” तो म्हणाला. “आणि बारीक अक्षरात.”