परमुलखातील ठणका

परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानाची यादी एखाद्या समाजशास्त्रज्ञाने अभ्यासावी इतकी बोलकी असते. तीत मेतकूट असते, दशम्या असतात, लोकरीची बंडी असते, आणि तापाच्या व पोटाच्या गोळ्यांची एक पिशवीही असते. उपाहारगृहात पाणी कसे मागावे, स्टेशन कोठे आहे असे कसे विचारावे, हेही हल्ली मंडळी आगगाडीत बसल्याबसल्या पाठ करतात. पण 'मला येथे दुखते आहे' हे वाक्य शिकून निघालेला प्रवासी माझ्या तरी पाहण्यात नाही. आपण जणू शरीर घरी ठेवून केवळ डोळे घेऊनच प्रवासाला निघतो.

ह्याचे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले असावे. 'दुखणे अंगावर काढणे' हा आपला खास वाक्प्रचार आहे. काम अंगावर पडते, संकट अंगावर येते, मूल अंगावर पिते. दुखणे मात्र अंगावर काढावयाचे असते, जसे हलाखीचे दिवस काढावेत तसे. ह्या कलेत आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया इतक्या निष्णात झालेल्या असतात, की त्यांच्या दुखण्याची वार्ता घराला लागते ती बहुधा दुखणे जुने झाल्यावरच. स्वतःच्या गावात ही कला खपून जाते. शेजारी डॉक्टर असतो, कोपऱ्यावर औषधांचे दुकान असते, आणि अखेर कोणीतरी हात धरून नेतोच. परमुलखात मात्र तिची किंमत फार मोठी होऊ शकते.

2018 च्या जून महिन्यात आम्ही जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेलो होतो. माझी पुतणी तेथील विद्यापीठात शिकत होती आणि नातीचे बिऱ्हाड पाहावे ही आमच्या मातोश्रींची फार दिवसांची इच्छा होती. नेकार नदीच्या काठी वसलेले हे गाव चित्रासारखे देखणे आहे. टेकडीवरच्या भग्न राजवाड्यात 1751 साली बांधलेले एक प्रचंड लाकडी पिंप आहे. त्यात दोन लाख लिटरांहून अधिक द्राक्षासव मावत असे. त्याच राजवाड्यात 1957 पासून जर्मनीचे औषधशास्त्र-संग्रहालय आहे. जुन्या औषधालयांची कोरीव फडताळे, शेकडो लहान खण, नावे रंगविलेल्या चिनी मातीच्या बरण्या, अर्क काढण्याची भांडी, असा तो सगळा संसार पाहून मातोश्री म्हणाल्या, “हा तर आजीबाईचा बटवाच की! नुसता मोठा केलेला.” त्या हसल्या, पण हसताना त्यांचा डावा हात गालाकडे गेला. ते माझ्या पत्नीने टिपले. चार दिवस मातोश्री थंड पाणी घेत नव्हत्या, भाकरीच्या जागी चहात बुडविलेला पाव खात होत्या आणि उजव्या बाजूनेच चावत होत्या. शिवाय त्यांच्याजवळ बसले की लवंगेचा वास येई.

त्या शनिवारी रात्री त्या उठून बसल्या, तेव्हा लपविणे अशक्य झाले होते. “एवढ्यासाठी तुमचा प्रवास कशाला मोडायचा?” हा त्यांचा पहिला खुलासा. दुसरा खुलासा पहाटे बाहेर पडला. आल्या दिवसापासून त्या प्रत्येक किमतीला ऐंशीने गुणत होत्या, कारण त्या वेळी एका युरोस सुमारे ऐंशी रुपये पडत. कॉफीच्या एका पेल्याचा गुणाकार करून ज्यांना धसका बसला होता, त्यांनी डॉक्टरच्या शुल्काचा गुणाकार मनात करून तोंड मिटून घेतले, ह्यात नवल ते काय?

जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात. हे जाणून असलेला प्रवासी रविवारच्या दुखण्याने हादरून जातो. परंतु औषधालयांची तेथे पाळी लावलेली असते. प्रत्येक औषधालयाच्या दारावर, आज रात्री आणि सुटीच्या दिवशी कोणाचे दुकान उघडे आहे, ह्याची पाटी असते. तांबड्या रंगातले ठसठशीत 'आ' सारखे रोमन अक्षर आणि त्यात पेला व साप ही त्यांची खूण. पाळीवरच्या औषधालयाचे दार मात्र उघडत नाही. घंटा वाजवावी, म्हणजे दारातली लहानशी खिडकी उघडते आणि त्या खिडकीतून व्यवहार होतो. रात्रीबद्दल थोडा जादा आकार पडतो. पहाटे पुतणीबरोबर मी त्या खिडकीशी उभा राहिलो. आपल्याकडे पुष्कळ दुकानांत जसे नुसते 'दाढ दुखते' म्हटले, की दोन-तीन रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून मिळतात, तसे तेथे होत नाही. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. साधी पॅरासिटॅमॉलची गोळीदेखील तेथे औषधालयाबाहेर विकत नाहीत, आणि 2009 पासून चिठ्ठीशिवाय एका पाकिटात दहा ग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. म्हणजे नेहमीच्या पाचशे मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या. खिडकीतल्या बाईंनी गोळ्या देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले: रुग्णाचे वय काय, इतर औषधे कोणती, आणि काही खाऊन अंगावर पुरळ येते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. उरलेल्या दोहोंसाठी घरी फोन करावा लागला.

इतर औषधे कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हे. मातोश्रींच्या गोळ्या एका पितळी डबीत असत, आणि पट्टीतून कापलेल्या त्या तुकड्यांवर नावाची अर्धी अक्षरे तेवढी उरलेली. शिवाय नाव अखंड असते तरी काय उपयोग? ते आपल्याकडील कारखान्याने ठेवलेले नाव; जर्मनीत त्याला कोण ओळखणार? म्हणून औषधांना सर्व देशांत चालेल असे एकच मूळ नाव असावे, हे काम जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये हाती घेतले आणि 1953 मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. ही व्यवस्थाही अगदी निरपवाद नाही. आपले पॅरासिटॅमॉल अमेरिकेत आणि जपानात ॲसिटॅमिनोफेन म्हणून वावरते. तरीपण मूळ नाव हे औषधाचे खरे पारपत्र होय. माझ्या पत्नीने निघण्यापूर्वी मातोश्रींच्या सर्व गोळ्यांची मूळ नावे, त्यांचे प्रमाण आणि घेण्याच्या वेळा एका कागदावर लिहून घेतल्या होत्या. ह्या कागदाचे घरात यथेच्छ विनोद झाले होते. त्या रविवारी आमच्या पारपत्रांहून त्या कागदाला अधिक मान मिळाला.

दंतवैद्यांचीही सुटीच्या दिवसांसाठी पाळी ठरलेली असते. सकाळी आम्ही ज्यांच्याकडे पोहोचलो त्या एक मध्यम वयाच्या बाई होत्या. 1883 मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी ह्यांनी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात हिंदी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर का हव्यात हे आग्रहाने मांडले होते. त्या आग्रहाचा अर्थ मला त्या खोलीत नव्याने उमगला. समोर बाई आहे असे पाहताच मातोश्रींनी पदर सावरला आणि चार दिवस आम्हांला न सांगितलेले सगळे त्या जर्मन बाईंना भराभर सांगू लागल्या, अर्थात मराठीत.

आता खरी परीक्षा पुतणीची होती. “अगं, तिला सांग, पहिले दोन दिवस नुसता दात आंबल्यासारखा वाटायचा. मग पाणी लागले की सणक जायची. काल दिवसभर ठुसठुसत होती, आणि रात्री आडवी झाले की ठणका! मधूनच कळ येते ती थेट कानात.” माझी पुतणी जर्मन साहित्याची विद्यार्थिनी, पण ह्या एका वाक्यमालेपुढे तिचे पदवीपत्र थिटे पडले. आंबणे, सणक, ठुसठुस, ठणका, कळ ही काही केवळ शब्दांची आरास नव्हती. थंड पाण्याने उठणारी क्षणिक सणक निराळी आणि आपोआप उठून रात्रभर टिकणारा ठणका निराळा. पहिल्यात दाताची नस चिडलेली असते, दुसऱ्यात ती बहुधा वाचण्यापलीकडे गेलेली असते. मातोश्रींनी अजाणता आपल्या दाढेचा चार दिवसांचा संपूर्ण इतिहास क्रमवार सांगितला होता. 1975 मध्ये कॅनडातील मॅगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी वेदनेची प्रश्नावली तयार केली. तीत वेदनेचे वर्णन करणारे 78 शब्द वीस गटांत लावलेले आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी विचारले असते, तर ही यादी मराठीत त्यांनी एका दुपारी भरून दिली असती.

ठणक्याला शब्द सापडेना, तेव्हा पुतणीने टेबलावर बोटाच्या पेराने ठोके दिले: ठक्, ठक्, ठक्. बाईंनी लगेच आपल्या मनगटाच्या नाडीवर बोट ठेवले. मातोश्रींनी जोराने मान हलविली. एवढा संवाद पुरेसा झाला. कोश जेथे संपला होता तेथे नाडी उपयोगी पडली.

पुढे कागद वाचला गेला. रक्तदाबाच्या गोळीवर बाईंनी मान डोलविली. 'ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल, पंचाहत्तर मिलिग्रॅम' असे पुतणीने वाचताच त्या हसल्या. तिलाच 1899 मध्ये जर्मनीत 'ॲस्पिरिन' हे नाव मिळाले होते. पण लगेच गंभीर होऊन त्यांनी विचारले, की आयबुप्रोफेनची गोळी तर दिली नाही ना? ती ह्या आम्लाच्या कामात आड येऊ शकते आणि रक्तदाबही वाढवू शकते. ही आयबुप्रोफेन आमच्या पिशवीत होती, आणि रात्रीच्या त्या घाईत कोणीही ती पुढे केली असती. पत्नीच्या कागदावर मात्र तळाशी तांबड्या शाईने तिचे नाव लिहून पुढे फुली मारलेली होती. घरच्या डॉक्टरांनी सांगितलेले तिने लक्षात ठेवले होते.

क्ष-किरणांनी चित्र घेतले. राँटगेन ह्यांनी हे किरण 1895 मध्ये ह्याच देशातील व्युर्ट्सबुर्ग येथे शोधले, आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी एका जर्मन दंतवैद्याने त्यांनी दातांचे चित्र घेतले. चित्र पाहून बाई परिचारिकेस म्हणाल्या, “तीन-सहा.” दातांनाही सर्वत्र चालणारे क्रमांक आहेत. जबड्याचे चार भाग, त्यातला डावीकडचा खालचा तिसरा. त्यात मधून मोजता सहावी ती पहिली मोठी दाढ. अमेरिकेत तिलाच एकोणीस म्हणतात, तो भाग निराळा. “काय म्हणाली ग ती?” मातोश्रींनी विचारले. “तुझ्या दाढेचा नंबर सांगितला, आजी.” “एवढ्या लांब येऊन आमचा नंबर लागला म्हणायचा!” मातोश्री म्हणाल्या, आणि खुर्चीत प्रथमच सैलावून बसल्या.

बधिर करून बाईंनी दाढ उघडली, सडलेली नस काढली, आत औषध भरून वर तात्पुरते सारण बसविले. खोलीत एक ओळखीचा वास पसरला. मातोश्रींना बोलता येत नव्हते, पण त्यांचे डोळे विस्फारले. लवंगेच्या तेलातले जे मुख्य द्रव्य, तेच जस्ताच्या भस्मात कालवून दंतवैद्य असे सारण करतात. बाहेर आल्यावर वाकड्या ओठांनी त्या म्हणाल्या, “ही तर लवंगच! मग मी चार दिवस काय निराळे करत होते?” पुतणी म्हणाली, “आजी, तू दार न उघडताच आत औषध टाकत होतीस.”

उरलेले काम पुण्यास करावे, असे पत्र, चित्राची प्रत आणि पावती बाईंनी हाती दिली. ह्या प्रवासासाठी लागणाऱ्या शेंगेन प्रवेशपत्रास 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो आपण बहुधा प्रवेशपत्र मिळावे म्हणून काढतो आणि विसरतो. दातांच्या बाबतीत असे विमे साधारणतः तीव्र वेदना थांबविण्यापुरताच खर्च देतात आणि तोही पुष्कळदा मागाहून. म्हणून पावती आणि पत्र जिवापाड जपावे लागते. आमच्या खर्चाचा मोठा भाग पुढे परत मिळाला. ते कळल्यावर मातोश्रींनी ऐंशीचा गुणाकार उलट दिशेने केला आणि त्यांच्या मुद्रेवर एक प्रकारची विजयश्री झळकली.

परंतु ह्या साऱ्या प्रसंगात मला पैशाची अडचण खरी वाटली नाही, आणि भाषेचीही नाही. औषधांना नावे आहेत, दातांना क्रमांक आहेत, युरोपीय संघातल्या सर्व देशांत मदतीला 112 हा एकच क्रमांक आहे. डॉक्टर आणि परका रुग्ण ह्यांच्यामधले अंतर माणसाने पुष्कळच कमी करून ठेवले आहे. कमी झालेले नाही ते आई आणि मुलगा ह्यांच्यामधले अंतर, एकाच खोलीतल्या दोन खाटांचे. तेथे कोणताही क्रमांक चालत नाही. तेथे माया हीच आडकाठी होते. 'तुमचा प्रवास मोडेल' ह्या एका वाक्यात केवढे प्रेम आहे, आणि त्याच प्रेमाने चार रात्री एका जिवाला एकटे जागविले!

कुटुंबाने मिळून प्रवास करावा तो केवळ राजवाडे दाखविण्यासाठी नव्हे. परमुलखात प्रत्येकाची जीभ थोडी बोबडी होते, आणि मग एकाने दुसऱ्याची जीभ व्हावयाचे असते. एकाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावयाचे असते, तो कोणत्या बाजूने चावतो ते पाहावयाचे असते. औषधांच्या मूळ नावांचा कागद हवाच. परंतु त्या कागदाआधी, आज तुझे काय दुखते आहे, असे रोज रात्री विचारणारे कोणी सोबत असावे. आमच्या घरी आता हा रिवाज पडला आहे. मातोश्री अद्यापि पहिल्या वेळी 'काही नाही' असेच म्हणतात. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा विचारतो.