आबांची चंद्रकांता

२० मे २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. या वेळेला कोल्हापूरकर रंकाळ्यावर चालायला गेलेला असतो, नाहीतर गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून उभा असतो. आम्ही चौघं मात्र राजारामपुरीत एका मित्राच्या हॉलमध्ये पडदे ओढून बसलो होतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग! अमेरिकेत रविवारची रात्र, आपल्याकडे त्याच वेळी हॉटस्टारवर. त्यासाठी मी आदल्या रात्री पुण्याहून एसटीने आलो होतो आणि ऑफिसात "घरगुती कार्यक्रम आहे" असं सांगितलं होतं. तसं ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

पडदे उघडले तेव्हा चौघांचे चेहरे बघण्यासारखे होते. वहिनींनी मिसळ आणून ठेवली, तिला कुणी हात लावेना. (कोल्हापुरात ही गंभीर बाब आहे.) मग हळूहळू तोंडं सुटली. (मालिका अजून बघायची असेल तर पुढच्या दोन ओळी सोडा.) डॉक्टर मित्र म्हणाला, "आठ सीझन चढवत आणलेली बाई दोन भागांत वेडी झाली, आणि राजा कोण, तर तो गप्प बसून असलेला पोरगा?" दुसऱ्या मित्राची शिरोलीला फौंड्री आहे. तो म्हणाला, "शेवट बरा आहे की. घाई केली एवढंच. कास्टिंग गार व्हायच्या आधी साचा फोडला."

मग मी माझं भाषण ठोकलं. मार्टिनचं पहिलं पुस्तक १९९६ चं. मालिका २०११ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी पाचवं पुस्तक आलं, आणि सहावं काही मालिका संपेपर्यंत आलं नाही. म्हणजे आमच्या भाषेत, अर्ध्या प्रोजेक्टात स्पेसिफिकेशन संपलं. शेवटी साधारण कुठं पोचायचं ते लेखकाने सांगितलेलं, पण रस्ता दिलेला नाही, आणि डेडलाईन जिथल्या तिथे. असं काम मी स्वतः केलंय, त्याचं काय होतं मला माहीत आहे. "पुस्तक होतं तोवर मालिका सोनं होती," मी म्हणालो. "पुस्तक संपलं की माणसं थापा मारायला लागतात."

फौंड्रीवाला पाव मोडता मोडता थांबला.

"थापांबद्दल तू बोलू नको लेका. तेजसिंग मरणार, तेजसिंग मरणार म्हणून अख्ख्या वर्गात सांगत फिरत होतास. विसरलास होय?"

बाकीच्या दोघांना काही कळेना. हा बाबा भुवया वर करून नुसतं "यक्कू!" म्हणाला आणि मिसळीवर तुटून पडला. वाद तिथेच संपला. माझ्यापुरता सुरू झाला.

पस्तिशीच्या आतल्या वाचकांसाठी: 'चंद्रकांता'. १९९४ ते १९९६, दूरदर्शन, रविवार सकाळ. नीरजा गुलेरींची मालिका. चंद्रकांता म्हणजे शिखा स्वरूप, राजकुमार वीरेंद्रसिंग म्हणजे शाहबाज खान, आणि ज्याच्यासाठी आम्ही खरं तर बसायचो तो क्रूरसिंग म्हणजे अखिलेंद्र मिश्र. कपाळभर चढलेल्या त्या भुवया आणि उठता-बसता "यक्कू". इरफान खान त्यात बद्रीनाथ होता (तेव्हा तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं). आमच्या आईला त्यात वर्षा उसगांवकर आहे एवढ्यावरच मालिका पसंत होती. बंबात लाकडं घालायची, एकेकाने आंघोळ उरकायची, बाबा मटण घेऊन यायचे आणि तेवढ्यात लाईट जायची. मग कुणाच्या गल्लीत लाईट आहे बघून सायकली पळवायच्या.

ही मालिका ज्या पुस्तकावरून घेतली ते देवकीनंदन खत्रींचं, १८८८ मधलं. त्याच्यापुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग, आणि त्याच्याही पुढे 'भूतनाथ'. तो पुरा व्हायच्या आत, १९१३ मध्ये खत्री गेले आणि त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी तो पूर्ण केला. (बघा, पुस्तक अर्धवट राहण्याची भानगड मार्टिनच्याही आधीची आहे.) ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. खत्रींकडे एके काळी बनारसजवळच्या चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका होता. तिथले पडके किल्ले, गुहा, खंडरं पायाखाली घालताना त्यांना ही सगळी दुनिया सुचली. नौगढ, विजयगढ, चुनार ही नावंही खरीच आहेत. फक्त मोडक्या भिंतींच्या आत त्यांनी तिलिस्म बसवले आणि राजांच्या पदरी ऐयार दिले.

ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य आणि चोर असं सगळं एकात. कमरेला बटवा, त्यात बेहोशीची पूड, शुद्धीवर आणायला लखलखा, चेहरा बदलायला रंग. तेजसिंग हा वीरेंद्रसिंगाचा ऐयार आणि जिवलग दोस्त.

आता आबा. माझे आजोबा. सैन्यात होते, उत्तरेत बरीच वर्षं काढलेली, हिंदी फर्डं. सकाळी मालिका बघताना एक शब्द बोलायचे नाहीत. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की सुरू. "टीव्हीवाल्यांचं काय खरं न्हाई. बुकात निराळंच हाय." मग ते बुकातलं सांगायचे. त्यांच्या गोष्टीतला तिलिस्म तीन मजली होता, काळ्या दगडाचा. सगळ्यात खाली पाणी, मधल्या मजल्यावर चोरवाट. आणि एका रात्री त्यांनी सांगितलं की पुढे किल्ल्याला वेढा पडतो, पाऊस लागतो. राजकुमाराला निसटायचं असतं म्हणून तेजसिंग त्याचे कपडे घालून त्याच्या पालखीत बसतो. पकडला जातो. शत्रू ओळखतो आणि मारतो.

"मारतो?" मी.

"मग? सोडतोय व्हय!"

सोमवारी शाळेत मी ही बातमी फोडली. पुस्तकातलं आहे म्हटल्यावर माझा भाव एकदम वाढला. पोरं डबा खाताना विचारायची, कधी मरतोय, कुठल्या भागात. मीही ठामपणे "पुढच्या रविवारी" म्हणायचो. रविवारामागून रविवार गेले. मालिकेत नागिणी आल्या, जादू आली, पुस्तकाशी मालिकेचा काडीचा संबंध उरला नाही, पण तेजसिंग काही मरेना. वर्गात माझं नाव 'फेकाड्या' पडलं. ते पाडणारा आजचा फौंड्रीवाला.

एका रविवारी रात्री आबांनी सुरुवात केली आणि मी म्हणालो, "नको. तुम्ही खोटं सांगता." अकरा वर्षांचा होतो. आबा काही बोलले नाहीत. कूस बदलली आणि झोपले. त्यानंतर त्यांनी कधी सांगायला घेतली नाही आणि मी कधी मागितली नाही. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले.

तर २०१९ च्या त्या मिसळीनंतर मी हट्टाने मूळ 'चंद्रकांता' वाचायला घेतली. खत्रींचं लेखन आता कॉपीराईटबाहेर आहे, नेटवर सहज मिळतं. हिंदी सोपं आहे, आणि खरं सांगतो, नाद खुळा पुस्तक आहे. मालिकेत ऐयार क्षणात रूप बदलतात; पुस्तकात आरसा घेऊन रंग लावत बसतात. मालिकेत जादू, पुस्तकात जादू जवळजवळ नाहीच. तिलिस्म म्हणजे यंत्रं. कळ दाबली की दगड सरकतो, पुतळा हलतो, धूर नाकात गेला की माणूस बेशुद्ध. आणि हे कसं झालं ते लेखक नंतर नीट समजावून सांगतो. माझ्यासारख्या माणसाला अजून काय पाहिजे! २०१७ मध्ये एकाच वर्षी दोन वाहिन्यांनी दोन वेगवेगळ्या 'चंद्रकांता' काढल्या, पण ही यंत्रं जशीच्या तशी दाखवायची कुणाला बुद्धी झाली नाही.

पण मी शोधत होतो ती पालखी. ती नाही. वेढ्यातली ती पावसाची रात्र नाही. तेजसिंग मरत नाही. तो 'संतति'तसुद्धा चांगला हिंडतो-फिरतो. उलट त्या दुनियेतला रिवाज असा, की ऐयार सापडला तर कैद करायचा, जिवे मारायचा नाही.

तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात धडा असूनही कळलं नव्हतं. तीन मजली काळ्या दगडाचा तिलिस्म म्हणजे पन्हाळ्यावरची तीन दरवाजाजवळची अंधारबाव. वेढा म्हणजे सिद्दी जौहरचा, १६६० चा. आणि पालखीत बसलेला तो तेजसिंग म्हणजे नेबापूरचा शिवा काशीद. त्याच्या बाबतीत कुणी रिवाज पाळला नाही.

बाबांना फोन केला. म्हटलं, आबांनी पुस्तकात पन्हाळा का घुसडला असेल?

बाबा हसले. "अरे, आबांनी पुस्तक कुठं वाचलंय? त्यांना देवनागरी वाचायला यायची, पण एवढा मोठा ठोकळा कोण वाचतोय! पलटणीत एक बनारसकडचा हवालदार होता. तो रात्री कंदिलावर वाचून दाखवायचा. सगळे ऐकायचे. मग आबांची बदली झाली."

"मग?"

"मग काय. जेवढं ऐकलं तेवढं ऐकलं. पुढचं राहिलं."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ लॅपटॉपकडे बघत बसलो. हॉलमध्ये ठोकलेलं स्वतःचं भाषण आठवत होतं, शब्द न् शब्द. आबांनी पुस्तकाच्या नावावर खपवलं हे खरंच आहे, त्याबद्दल आजही माझं म्हणणं आहे. नुसतं "मला सुचलं" म्हणाले असते तर मी वर्गात बोललोच नसतो. पण मग आम्ही ऐकलं असतं का? "बुकात हाय" म्हटल्याशिवाय आम्ही पोरं कसल्या तरी गोष्टीवर विश्वास ठेवत होतो का?

गेल्या दिवाळीत फौंड्रीवाल्याबरोबर पन्हाळ्याला गेलो होतो. त्याचा मुलगा अंधारबावीत उतरून ओरडत होता, घुमणारा आवाज ऐकायला. आम्ही वर पायरीवर बसलो आणि मी त्याला हे सगळं सांगितलं. हवालदार, बदली, पालखी. तो कधी नव्हे तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू फेकत नव्हतास."

"नाही."

"बरं, मग तेजसिंग मेल्यावर पुढं काय झालं? आबांच्यात?"

मला माहीत नाही. मी ऐकलंच नाही.