बँकॉकचा लाल रंग

बँकॉकला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना शहर कसे आहे असे विचारले, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. कुणी सोन्याच्या बुद्धमूर्तीबद्दल सांगते, कुणी खरेदीबद्दल, आणि कुणी मुले आसपास नाहीत ना हे पाहून आवाज खाली आणते. कॉलेजातल्या सिनेमावेड्या मुलांच्या तोंडी मात्र हे नाव येते ते एका चित्रपटामुळे. निकोलस विंडिंग रेफन या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘ओन्ली गॉड फरगिव्ज’ हा २०१३ सालचा चित्रपट. "सर, एकेक फ्रेम भिंतीवर लावण्यासारखी आहे," असे एका विद्यार्थ्याने सांगितले म्हणून मी तो पाहिला. पुढे सुटीत बँकॉकला जाणे झाले, तेव्हा पडद्यावरचे ते शहर सोबतच होते.

कथा चार ओळींची आहे. ज्युलियन हा अमेरिकन तरुण बँकॉकमध्ये मुष्टियुद्धाचा क्लब चालवतो. क्लब नावाला, खरा धंदा अमली पदार्थांचा. त्याचा थोरला भाऊ एका सोळा वर्षांच्या वेश्येला मारून टाकतो. चँग नावाचा पोलीस अधिकारी मुलीच्या बापाला त्या भावासमोर मोकळा सोडतो आणि बाप त्याचा जीव घेतो. मग मुलीला या धंद्यात जाऊ दिले म्हणून चँग बापाचाही हात तलवारीने तोडतो. पुढे ज्युलियनची आई थोरल्याचा सूड मागत विमानाने येते, आणि नव्वद मिनिटांत माणसे एकामागून एक पडत जातात. नायक रायन गॉसलिंग सबंध चित्रपटात मोजकीच वाक्ये बोलतो.

रेफनला २०११ साली ‘ड्राइव्ह’साठी कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले होते. दोन वर्षांनी त्याच कानमध्ये या चित्रपटाची हुर्यो झाली, टाळ्याही पडल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच सिडनीच्या महोत्सवात त्याने मुख्य पारितोषिक मिळवले. दिग्दर्शक रंगांध आहे. रंगांच्या मधल्या छटा त्याला दिसत नाहीत, म्हणून आपल्या चित्रांत तीव्र विरोधी रंग येतात असे तो सांगत आला आहे. त्यामुळे त्याचे बँकॉक म्हणजे लाल उजेडातल्या लांबलचक बोळी, निळ्या अंधारातल्या खोल्या आणि पुतळ्यासारखी उभी असलेली माणसे.

खरा लाल रंग पाहायला याओवरात रस्त्यावर गेलो. हा बँकॉकचा चिनी बाजार. संध्याकाळी दुकानांच्या उभ्या पाट्या पेटतात आणि रस्ता लाल-सोनेरी होतो. सराफांची दुकाने तर आतून-बाहेरून लाल. चिनी समाजात हा रंग शुभ मानतात, आपल्याकडे कुंकवाचा मानतात तसा. त्याच उजेडात पदपथावर कढया तापतात, भाजलेल्या चेस्टनटचा वास येतो, शाळेच्या गणवेशातली मुलगी हिशेबाला बसते. जवळच फाहुरात ही कापडबाजाराची पेठ आहे. तिथे गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दिसतो आणि हिंदी-पंजाबी कानावर पडते. चित्रपटात हाच लाल रंग धोक्याचा आणि नरकाचा झाला आहे. रंगाचा अर्थ बदलण्याचा दिग्दर्शकाला हक्क आहे, पण तो बदलताना रस्त्यावरची माणसे गाळली गेली आहेत.

दुसऱ्या संध्याकाळी १९४५ साली सुरू झालेल्या राजदमनर्न स्टेडियममध्ये मुए थाईच्या लढती पाहिल्या. तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. कोपर, गुडघा, नडगी, सगळे चालते. रक्तही येते. पण लढतीआधी खेळाडू रिंगणात संथ नाच करत आपल्या गुरूला वंदन करतो. डोक्यावर मंतरलेला पट्टा असतो, तो वस्तादानेच उतरवायचा. सनईच्या कुळातले एक वाद्य आणि ढोल वाजत असतात आणि लढतीबरोबर त्यांची लय चढत जाते. लढत संपल्यावर दोघांनी एकमेकांच्या वस्तादांना जाऊन नमस्कार केला. कुस्तीचे फड पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चित्रपटातल्या लढतीत चँग ज्युलियनला बडव-बडव बडवतो आणि ज्युलियनचा एकही ठोसा लागत नाही. दृश्य देखणे आहे. मागे भव्य पुतळा, चहूकडे रंगीत दिवे. ज्या विद्येच्या नावाने क्लब आहे, ती विद्या मात्र सजावटीपुरतीच राहते.

मग हिंसा सुंदर करून दाखवणेच चूक म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही, याचे उत्तर बँकॉकच्याच भिंतींवर आहे. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या मंदिराच्या ओवऱ्यांमध्ये रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवले आहे. सोन्याचा वर्ख, राक्षसांचे हिरवे चेहरे, तुटलेली मुंडकी, रणात पडलेले हत्ती-घोडे. रेफनपेक्षा रक्त कमी नाही. पण युद्धाच्या कडेला, तटाच्या सावलीत, चित्रकाराने साधी माणसे काढली आहेत. कुणी स्वयंपाक करते, कुणी गप्पा मारते, कुणाच्या कडेवर मूल आहे. राजांच्या लढाईत या माणसांचे काय होईल, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

चित्रपटात ती कड नाही. ज्या सोळा वर्षांच्या मुलीच्या मरणाने सगळे सुरू होते, ती मुलगी आपल्याला जवळजवळ भेटतच नाही. तिचे रक्त किती कलात्मक रीतीने जमिनीवर पसरले आहे एवढेच आपण पाहतो. आणखी एक प्रसंग आहे. एका क्लबात चँग एका गुन्हेगाराचे हाल करतो. त्याआधी तिथल्या बायकांना डोळे मिटून घ्यायला आणि पुरुषांना नीट पाहायला सांगितले जाते. नटूनथटून बसलेल्या बायका बाहुल्यांसारख्या डोळे मिटतात. हा प्रसंग मला चित्रपटाचा सारांशच वाटला. बँकॉकच्या बायका इथे खोलीच्या शोभेला आहेत.

न्यायाने बोलायचे तर चित्रपटात काहीच नाही असे नव्हे. क्रूर आई आणि तिच्यापुढे लहान होणारा मुलगा यांची जेवणाच्या टेबलावरची भेट अंगावर येते. माणसे तोडून आल्यावर चँग आपल्या शिपायांसमोर शांतपणे गाणे म्हणतो, तेव्हा पोटात गोळा येतो. त्या ठिकाणी शैलीमागे आशय उभा आहे. बाकी बराच वेळ नुसती शैली आहे.

त्याच देशातला दुसरा चित्रपट शेजारी ठेवून पाहा. अपिचातपोंग वीरसेथकुल या थाई दिग्दर्शकाच्या ‘अंकल बूनमी’ला २०१० साली कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. बूनमी ईशान्य थायलंडमधला शेतकरी, मूत्रपिंडाच्या आजाराने मरणाच्या दारी आहे. रात्री जेवताना त्याची मेलेली बायको टेबलापाशी येऊन बसते. बोलता बोलता तो म्हणून जातो की, आपण पूर्वी कम्युनिस्टांना मारले, त्याचेच हे फळ असेल. त्या हत्या पडद्यावर दिसत नाहीत. तरीही एका म्हाताऱ्याच्या साध्या वाक्यातून त्यांचे ओझे आपल्यावर येते.

आपल्या बेळगाव जिल्ह्याला हे नवे नाही. बैलहोंगलची ‘संग्या-बाळ्या’ ही कथा सण्णाटातून किती पिढ्यांनी पाहिली आहे. खऱ्या खुनावर उभे राहिलेले ते नाटक. शेवटी संग्या मरणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी कन्नड-मराठी घरांतली माणसे रात्रभर बसतात. कारण तोवर संग्या, गंगा आणि दगा देणारा मित्र बाळ्या आपल्या गल्लीतले झालेले असतात. तिथे दिव्यांची करामत नसते, आणि खून झाला की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात.

असे चित्रपट आज घरातल्या मुलांच्या मोबाइलवर आहेत. केवळ बंदी घालून फारसे साधेल असे वाटत नाही, आणि छायाचित्रण चांगले असेल तर ते चांगले म्हणायला हरकत नाही. त्यानंतर एवढेच विचारावे, की मेलेल्यांपैकी कोण कोण तुला आठवते, आणि त्यांच्या घरी पुढे काय झाले असेल. ‘ओन्ली गॉड फरगिव्ज’बद्दल हे विचारले की मुले थोडा वेळ गप्प होतात. त्या मुलीचे नाव काय होते, तेही सांगता येत नाही.