नातीच्या मानेतील गाठ

आपल्यापैकी पुष्कळांच्या लहानपणी ‘गंडमाळ’ हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जात असे. माझ्या थोरल्या आत्याच्या मानेवर तिचे व्रण होते. उन्हाळ्यातही तिचा पदर गळ्याभोवती लपेटलेला असे. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात, सहा वर्षांच्या नातीची वेणी घालताना तिच्या आजीच्या बोटांना जबड्याखाली बोराएवढी गाठ लागली, तेव्हा आम्ही दोघे काही न बोलता एकमेकांकडे पाहत राहिलो.

मी लेपाची गोष्ट काढली. सूनबाईंनी ती शांतपणे बाजूला सारून बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी घसा, कान, दात, केसांखालची त्वचासुद्धा पाहिली. मुलांच्या मानेत अशा रसग्रंथी सुजणे नित्याचे. घशाचा संसर्ग, किडलेला दात किंवा डोक्यातील पुळ्या एवढे कारणही पुरते, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, “घरात कुणाला जुना खोकला आहे का?” मी ‘नाही’ म्हणालो.

तीन आठवड्यांनीही गाठ ओसरली नाही, तेव्हा सोनोग्राफी करायचे ठरले. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदर स्त्री आणि भिंतीवरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटीच आठवते. पाटी तेथेही होती. तपासणी मात्र फारच सोपी निघाली. उपाशी राहणे नाही, सुई नाही, क्ष-किरणही नाहीत; काम सारे ध्वनिलहरींचे. मानेवर थंडगार जेल लागताच नात खुदकन हसली.

डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवले. साध्या संसर्गाने सुजलेली ग्रंथी बहुधा घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट राहते, तिच्या मधोमध पांढुरकी रेघ असते आणि रक्तवाहिन्या तेथूनच आत शिरतात. गाठ गोल गरगरीत झाली, रेघ पुसली गेली, रक्तप्रवाह कडेकडेने दिसू लागला, की शंका घ्यावी लागते. क्षयात गाठी पुष्कळदा एकमेकींना चिकटतात, आतून विरघळल्यासारख्या दिसतात. नातीची गाठ लांबट होती, रेघही होती.

“पण चित्रावरून अखेरचा निर्णय होत नाही,” त्या म्हणाल्या. “शंका उरली तर सुईने नमुना घ्यावा लागतो. घरात कुणाला खोकला?”

तोच प्रश्न. मुलांना क्षय बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून होतो, हे मला ठाऊक होते. मी महिनाभर खोकत होतो आणि नात माझ्याच कुशीत झोपत होती. “मला आहे,” मी म्हणालो. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. ते न पाहणे मला फार लागले.

दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात थुंकी दिली, छातीचा एक्स-रे काढला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर हे करावेच, असे तेथे बजावले. निकाल येईपर्यंत मी बाहेरच्या खोलीत निजलो. क्षय निघाला नाही.

बालरोगतज्ज्ञांनी लक्ष ठेवायला सांगितले आहे : गाठ वाढली, दगडासारखी टणक झाली, गळपट्टीच्या हाडावर नवी उठली, ताप रेंगाळला किंवा वजन घटले, तर थांबायचे नाही. आता ती हरभऱ्याएवढी उरली आहे; अशी काही महिनेही राहू शकते म्हणे. वेणी घालताना आजीची बोटे अजून तेथे क्षणभर थांबतात.