सही करण्याआधी

माझ्या मुलीचा पहिला जाहिरातीचा करार आमच्या गल्लीतल्या निवृत्त वकीलबाईंनी वाचून दिला. फी घेतली नाही. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट आजही त्यांच्याकडे जातं, पण त्याने काही ते ऋण फिटत नाही.

आम्ही अमेरिकेत नेब्रास्का राज्यात, ओमाहाला राहतो. मुलींच्या व्हॉलीबॉलचं इथे केवढं वेड आहे, ते साताऱ्याच्या माझ्या भावाला सांगून पटत नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या स्टेडियममध्ये कॉलेजच्या मुलींचा सामना बघायला ९२,००३ माणसं जमली होती. अशा राज्यात छोट्या कॉलेजातली सेटरसुद्धा गावात ओळखीची होते. तसं माझ्या लेकीचं झालं. एका मोटारींच्या शोरूमने तिला जाहिरातीसाठी विचारलं आणि पाठोपाठ एक एजंट दारात आला. तरुण, गोड बोलणारा. 'तुम्ही खेळाचं बघा, पैशांचं मी बघतो,' म्हणाला.

कॉलेजच्या खेळांवर एनसीएए या संस्थेचं राज्य. विद्यार्थी खेळाडूने स्वतःच्या नावावर किंवा चेहऱ्यावर पैसे मिळवले, तर त्याचं खेळणं बंद, असा तिचा वर्षानुवर्षांचा दंडक. तो १ जुलै २०२१ ला सैल झाला. जाहिराती करायची मुभा मिळाली, त्या ठरवायला एजंट नेमायचीही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांपुढे एकदम करारांचे गठ्ठे येऊन पडले.

बाईंनी दोन्ही करार आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले, हातात पेन्सिल घेतली आणि तासभर कोणाशी बोलल्या नाहीत. मग लेकीला शेजारी बसवलं. एजंटची दलाली वीस टक्के. 'जास्त आहे, पण निदान दिसते तरी. न दिसणारं बघू,' म्हणाल्या. सातव्या पानावर बारीक अक्षरात होतं, की करार संपल्यावरही पुढची दोन वर्षं तिच्या प्रत्येक जाहिरातीतला वाटा एजंटचा, मग ती त्याने आणलेली असो वा नसो. बाईंनी 'प्रत्येक' शब्दाभोवती गोल काढला. शोरूमच्या कागदावर तिचा फोटो आणि नाव 'कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात' वापरायचा हक्क लिहिला होता. तो पूर्ण खोडला आणि समासात लिहिलं : एक हंगाम. कॉलेजची जर्सी आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी मिळवण्याचं कामही मुलीच्याच गळ्यात घातलं होतं. तेही खोडलं.

लेक म्हणाली, 'एवढ्याशा पैशांसाठी एवढं कशाला?' तेव्हा बाईंनी तिला जर्व्हॉन डेक्स्टरची गोष्ट सांगितली. हा फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू. २०२२ मध्ये त्याने एका कंपनीशी करार केला. हाती आले ४,३६,४८५ डॉलर. बदल्यात पुढे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये जे कमावेल, त्यातले पंधरा टक्के, कर भरण्याआधीचे, पंचवीस वर्षं. पुढच्याच वर्षी त्याला कोर्टात जावं लागलं.

मग त्यांनी अँडी ऑलिव्हर या बेसबॉलपटूचं नाव घेतलं, तेव्हा त्यांचा आवाज चढला. ओहायोतला हा मुलगा शाळेत असताना मिनेसोटा ट्विन्स संघाची माणसं त्याच्या घरी बोलणी करायला आली. त्या वेळी त्याचा सल्लागार वकील खोलीत बसलेला होता. गुन्हा एवढाच. वकिलाचा सल्ला घ्यायला हरकत नव्हती, पण क्लबशी बोलणी चालू असताना वकील हजर नको, असा नियम होता. २००८ मध्ये ऐन स्पर्धेच्या तोंडावर ओक्लाहोमा स्टेट या त्याच्या विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. तो कोर्टात गेला. ओहायोच्या न्यायाधीशांनी २००९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि अखेर एनसीएएने साडेसात लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. समोर अख्ख्या क्लबची फौज आणि पोरगा एकटा, याला कोणी खेळाची शुद्धता म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

बाई स्वतः साठच्या दशकात कॉलेजकडून खेळल्या. मुलींना तेव्हा शिष्यवृत्ती नव्हती. बसभाड्यासाठी केक विकून पैसे जमवायच्या. ही सगळी कळकळ तिथली आहे, असं मला वाटतं. लेकीच्या हातात पैसा आला याचा त्यांना आनंद होता. तो तिच्याच हातात राहावा, एवढीच त्यांची धडपड.

शोरूमने सगळे बदल मान्य केले. एजंटने केले नाहीत, आणि तो परत आला नाही. पुढल्या वर्षी लेकीने दुसरी एजंट नेमली, राज्याकडे नोंदणी असलेली. तिच्या करारात दलाली फक्त तिने आणलेल्या कामावर, आणि महिन्याच्या नोटिशीवर मोकळं होता येतं. ही कलमं लेकीने स्वतः बोलून घातली. बाई नुसत्या शेजारी बसून होत्या.

ऑलिव्हरला आम्ही कधी भेटलो नाही. २००९ मध्ये एनसीएएला कोर्टात खेचणाऱ्या एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूलाही नाही. व्हिडिओ गेममध्ये आपलाच चेहरा विकला जातोय आणि आपल्याला छदाम नाही, हे त्याने पाहिलं होतं. लढला तेव्हा त्याचे कॉलेजचे दिवस कधीच संपले होते. त्या खटल्याने दार किलकिलं झालं, आणि माझी लेक आज त्यातून आत गेली. या माणसांशी आमचा ऋणानुबंध आहे, तो मी मानते.

इथल्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे. मुलांपुढे असा कागद आला तर सहीआधी वकील गाठा, आणि त्याला तासाचे पैसे द्या, कमाईतला टक्का देऊ नका. मूल एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असेल तर आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा. ते सांगेपर्यंत कोणाला होकारसुद्धा देऊ नका.